शोभेचा भोपळा धरतो आणि गळतो, टिकला तर वाळताना कुजतो: दोन्हींवर उपाय

वेल जोमात आहे, मांडव भरलाय, फुलं रोज येतायत. मादी फुलामागचा इवलासा भोपळाही दिसतो. आठवड्याभरात तो पिवळा पडतो आणि खाली. घरी बियांपासून शोभेचे भोपळे लावणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते, आणि तीही दरवर्षीची. दुसरी तक्रार पुढच्या टप्प्यातली. एखादा भोपळा टिकला, मोठा झाला, हौसेने वाळत ठेवला, आणि महिन्याभरात मऊ पडून त्याला वास सुटला.

दोन्हींवर लोक सर्रास खतं सुचवतात. माझं मत वेगळं आहे. खत चुकल्यानेही नुकसान होतं, पण घरच्या मांडवावर बहुतेक वेळा चुकते ती वेळ. फुलाला परागकण लावायची दिवसातली वेळ चुकली की फळ गळतं, आणि पेरणीची वर्षातली वेळ चुकली की फळ वाळत नाही. म्हणून नवं पाकीट किंवा नवं औषध विकत घेण्याआधी खालच्या गोष्टी तपासून घ्या.

आधी फुलाचा रंग पाहा

'शोभेचा भोपळा' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पतींचं बी विकलं जातं, आणि एकीचे उपाय दुसरीला लागू पडत नाहीत.

पांढऱ्या फुलांचा तो तुंबा. आपल्या दुधीचाच हा भाऊ, वनस्पतीची जात एकच, फक्त साल कडक होणारा प्रकार. पानं मऊ आणि लवदार, चुरगळली की उग्र वास येतो. बाटलीचे, कमंडलूचे, पळीचे, लांब वाकड्या मानेचे असे आकार यात मिळतात. सतार-तानपुऱ्याचा भोपळा हाच, एकतारीचा हाच, आणि पालघर-डहाणूकडच्या वारल्यांच्या तारप्याला लागतो तोही हाच. नीट पिकून वाळलेला तुंबा पिढ्यानपिढ्या टिकतो.

पिवळ्या फुलांचा तो दुसरा. मुठीएवढे, रंगीत, पट्ट्यांचे, अंगावर चामखिळी असलेले भोपळे. ही मूळ अमेरिका खंडातली वनस्पती, झुकिनीच्या जातीची. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये घरांच्या दारात मांडलेले दिसतात ते बहुतेक हेच. यांची शोभा काही महिन्यांची असते. तुंब्यासारखे ते खडखडीत वाळून वर्षानुवर्षं राहत नाहीत, हळूहळू रंग उडतो, साल सुरकुतते. तुमच्याकडे हे असतील आणि वर्षभरात खराब झाले असतील तर तुमचं काही चुकलेलं नाही, त्यांचा स्वभावच तो. पुसून, कोरडे करून, हवेशीर जागी ठेवा, जितके महिने टिकतील तितके टिकवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावा.

इथून पुढे मुख्यतः तुंब्याबद्दल लिहितोय, कारण जास्त त्रास त्याच्यातच होतो आणि जास्त समाधानही तोच देतो.

गळलेला भोपळा फेकू नका, चिरून बघा

खाली पडलेलं फळ उचला आणि सुरीने उभं चिरा. निम्म्याहून जास्त निदान तिथेच होतं.

आतला गर पांढरा, स्वच्छ, बिया अगदी कोवळ्या, कुठे छिद्र नाही, आणि पिवळेपणा फुलाच्या टोकाकडून देठाकडे सरकत आलेला असेल, तर परागीभवन झालेलं नाही. आत तपकिरी पाणचट बोगदे आणि पांढऱ्या बारीक अळ्या दिसल्या, किंवा सालीवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि त्यावर डिंकाचा वाळलेला थेंब दिसला, तर ती फळमाशी. आणि फळ मुठीएवढं होऊन मगच थांबलं असेल, आत कीड नसेल, तर वेलीला ते पोसवत नाहीये. तिन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. न चिरता औषध फवारणं म्हणजे पैसे वाया, आणि जे दोन-चार पतंग-मधमाश्या येत असतील त्यांनाही हाकलून लावणं.

परागीभवन: सकाळी नाही, संध्याकाळी

आता मूळ दुखण्याकडे. हाताने परागीभवन कसं करायचं ते आता बहुतेकांना माहीत असतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलात टेकवायचं. अडचण अशी की सकाळी सात-आठला करायला सांगितलेलं ते काम लाल भोपळ्यासाठी, झुकिनीसाठी, काकडीसाठी असतं. त्यांची पिवळी फुलं सकाळी उमलतात आणि लाल भोपळ्याची तर दुपारच्या आत मिटतात. तुंब्याचं आणि दुधीचं फूल उमलतं ते ऊन उतरल्यावर. संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मलूल होतं. सकाळी आठला तुम्ही मांडवाखाली जाता तेव्हा एक तर आदल्या रात्रीची थकलेली फुलं असतात, नाही तर त्या दिवशीच्या घट्ट कळ्या. त्या वेळी टेकवलेलं फूल क्वचितच कामाला येतं.

हे फूल पांढरं का आणि रात्री का, याचं उत्तर त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत आहे. लांब सोंडेचे मोठे निशाचर पतंग हे त्याचे परागवाहक. अंधारात पांढऱ्या पाकळ्या त्यांना दिसतात. गावात, शेताच्या कडेला ते काम आपोआप होतं. शहरात चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत, भोवती दिव्यांचा उजेड असताना, ते येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून गच्चीवर हे काम हातानेच करायचं असं गृहीत धरा.

कृती अशी. दुपारी चार-साडेचारला मांडवाखालून एक फेरी मारा. त्या दिवशी उमलणारी कळी ओळखू येते. ती फुगलेली असते, पाकळ्यांची टोकं हिरवेपणा सोडून पांढरी पडलेली असतात आणि गुंडाळी सैल झालेली असते. उद्याची कळी अजून घट्ट आणि हिरवट असते. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ, मादीचा आखूड, आणि मादीच्या मागे लवदार छोटा भोपळा असतोच. आज उमलणारी मादी कुठे आहे ते लक्षात ठेवा, हवं तर शेजारी सुतळी बांधा, कारण अंधारात पानांआड ती पुन्हा सापडत नाही.

फुलं पूर्ण उघडली, सहा-सातच्या सुमारास, की एक ताजं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे दुमडा. मधला केसरांचा गोळा बोटाला लावून बघा, बोटावर फिकट पिवळी पूड आली पाहिजे. बोट कोरडं राहिलं तर ते फूल अजून तयार नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मादी फुलात डोकावलंत तर कुक्षीचे, म्हणजे पराग धरणाऱ्या मधल्या टोकाचे, तीन भाग दिसतील, प्रत्येक मधोमध दुभंगलेला आणि चिकट. नर फुलाचा गोळा या तिन्हींवर हलक्या हाताने फिरवा. एका बाजूलाच पराग लागले तर फळ एका अंगाने फुगतं आणि दुसऱ्या अंगाने खपाटीला जातं, म्हणून तिन्हींना पराग लागलाय याची खात्री करा. एका मादीला दोन नर वापरायला हरकत नाही, नर फुलांची कमतरता नसतेच.

पावसाळ्यात यात एक विघ्न येतं. भाद्रपदातला पाऊस नेमका संध्याकाळी गाठतो, आणि परागकण भिजले की फुटतात, निकामी होतात. अशा दिवशी उमलायच्या बेतात असलेल्या नर कळ्या चारलाच लांब देठासकट तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा. त्या घरातच उमलतात. मादी फुलावर छोटी प्लास्टिकची पिशवी उलटी, छत्रीसारखी धरेल अशी बांधा, तोंड खाली मोकळं राहू द्या. पाऊस थांबला की जाऊन पराग लावा आणि पिशवी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मात्र आठवणीने काढा, उन्हात आत वाफ धरते.

पराग लागला की नाही हे तीन-चार दिवसांत कळतं. लागला असेल तर छोट्या भोपळ्याचा देठ जाड आणि ताठ व्हायला लागतो, साल तुकतुकीत दिसते, तो खाली झुकतो. नसेल तर लव निस्तेज होते आणि टोकाकडून पिवळेपणा सुरू होतो. तो पिवळा झालेला वाचवता येत नाही, खुडून टाका आणि पुढच्या मादीची वाट बघा.

मादी फुलंच येत नाहीत

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फक्त नर फुलं येतात, त्यात काळजीचं काही नाही. पण महिना उलटला तरी मादी नाही, तर दोन गोष्टी बघा. पहिली, शेंडा खुडला होता का? तुंब्याच्या मुख्य वेलीवर नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं येतात ती तिच्या बगलफुटींवर. वेल मांडवाला टेकली, साधारण सहा-सात फूट झाली, की शेंडा खुडायचा. बाजूने फुटवे येतात. तेही हातभर झाले की त्यांचे शेंडे खुडायचे, त्यापुढच्या फुटव्यांवर माद्या भरपूर येतात. 'थ्री जी कटिंग' म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट खताची. शेणखत, युरिया, जीवामृत असं नत्र सतत देत राहिलं की वेल पानं काढते आणि फुलांचं मनावर घेत नाही. पहिलं फूल दिसलं की नत्र थांबवा, पोटॅश असलेलं खत द्या. उन्हाळ्यातल्या लांब, तापलेल्या दिवसांतही नर फुलांचं प्रमाण वाढतं आणि दिवस लहान, हवा गार झाली की माद्या वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये 'सगळे नरच' ही तक्रार जास्त का ऐकू येते त्याचं कारण हे.

फळमाशी

चिरलेल्या फळात अळ्या सापडल्या तर फवारणीच्या मागे लागू नका. माशी कोवळ्या सालीत टोचून अंडी आत घालते, अळी गरात असते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. घरगुती पातळीवर खात्रीचा एकच उपाय आहे, फळ झाकणं. परागीभवन केल्यानंतर दुसऱ्या दिवशी फूल कोमेजलं की लगेच जुन्या सुती कापडाची किंवा पातळ नॉन-वोव्हन कापडाची पिशवी त्या भोपळ्यावर चढवा आणि देठाशी सैलसर पण फट न ठेवता बांधा. फळ वाढेल तशी मोठी पिशवी लागते, सुरुवातीलाच ऐसपैस शिवून ठेवली तर बरं. नखाने साल ओरखडली जात नाही इतकी कडक झाली की पिशवी काढायची. प्लास्टिक नको, आत पाणी सुटून फळ कुजतं.

सापळा लावणार असाल तर एक नीट बघून घ्या. आंब्याच्या माशीसाठी मिळतो त्या सापळ्यात मिथिल युजेनॉल असतं. वेलवर्गीय पिकांवरची माशी त्याला भुलत नाही, तिच्यासाठी 'क्यू ल्युअर' लागतो. दुकानात दोन्ही एकाच नावाने पुढे केले जातात, म्हणून पाकिटावरचं वाचून घ्या. क्यू ल्युअरही फक्त नर माश्या पकडतो. त्याने संख्या कमी होते, पण पिशवीची जागा तो घेत नाही. आणि किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका. अळ्या मातीत शिरून तिथेच कोष करतात. काळ्या पिशवीत घट्ट बांधून ती दोन आठवडे कडक उन्हात ठेवा. कुंडीतली वरची माती अधूनमधून हलवून निंबोळी पेंड मिसळलीत तर कोषांनाही त्रास होतो.

मुठीएवढा होऊन थांबतो

हा कुंडीचा प्रश्न आहे. तुंब्याची वेल सहज पंधरा-वीस फूट जाते आणि तिला पाणी अफाट लागतं. बादलीएवढ्या कुंडीत ती पानं दाखवेल, पण फळ पोसणार नाही. निदान पन्नास-साठ लिटरचा अर्धा ड्रम घ्या, त्यात एकच वेल ठेवा आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन करा. दुपारी पानं रोज माना टाकत असतील तर वेल फळं टाकून स्वतःला वाचवणारच. मध्यम आकाराचे तीन-चार भोपळे धरले की ड्रममधल्या वेलीला तेवढेच पुरे, बाकीच्या माद्या तुम्हीच खुडा. तानपुऱ्याला लागतो तसा प्रचंड भोपळा गच्चीवर होणार नाही. मिरजेच्या वाद्यांना भोपळे पुरवणाऱ्या पंढरपूर-मंगळवेढा भागात ते जमिनीवर, मोकळ्या शेतात वाढवतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाद्यांच्या आवाजामागे या शेतांचाही वाटा आहे, आणि तो क्वचितच कुणी सांगतं.

आता कुजण्याबद्दल: पेरणीची तारीख उलटी मोजा

वाळताना तुंबा कुजतो त्याचं सर्वांत मोठं कारण तो कोवळा असतानाच काढलेला असतो. फूल धरल्यापासून महिन्याभरात भोपळा पूर्ण आकाराचा दिसतो, आणि तिथेच लोक फसतात. आकार पूर्ण होणं म्हणजे पिकणं नव्हे. त्यानंतर साल आतून जाड आणि लाकडासारखी व्हायला आणखी एक ते दोन महिने तो वेलीवरच राहावा लागतो. त्याआधी काढलेला भोपळा सुरकुततो, खपाटीला जातो किंवा कुजतो. मग व्हिनेगर चोळा, ऊन दाखवा, काही उपयोग होत नाही.

म्हणजे पेरणीपासून हिशेब असा. पहिलं फूल यायला दोन महिने, माद्या यायला आणखी दोन-तीन आठवडे, फळ पिकायला तीन महिने. सहा महिने धरून चाला. आणि काढल्यानंतर वाळायला तीन ते सहा महिने कोरडी हवा हवी. देशावर ही कोरडी हवा डिसेंबर ते मे असते. त्यावरून मागे मोजलं तर पेरणी जूनमध्ये येते. मृगाच्या आसपास बी लावलं की ऑगस्टअखेर फुलं, सप्टेंबरात माद्या, आणि डिसेंबर-जानेवारीत भोपळा काढायला तयार. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली वेल दुधीची भाजी खायला उत्तम, पण तुंब्यासाठी गैरसोयीची, कारण भोपळे पिकतात जून-जुलैत आणि वाळवायची वेळ ऐन पावसात येते. कोकणात आणि गोव्यात जूनच्या पावसात कोवळं रोप तग धरणं कठीण, तिथे गणपतीच्या सुमाराला आडोशाला रोपं करावीत असं मी सुचवेन. थंड देशांत राहणाऱ्यांना उलटी अडचण असते, तिथे उन्हाळाच पुरत नाही. त्यांनी एप्रिलमध्ये घरात रोपं करून शेवटचं दंव ओसरल्यावर बाहेर लावावीत आणि लहान आकाराचे प्रकार निवडावेत.

उगवणीचा त्रासही याच हिशेबात धरा, कारण तिथे दोन-तीन आठवडे वाया गेले तर शेवटी तेच कमी पडतात. तुंब्याचं बी चपटं, कडेला उंचवटे असलेलं आणि चिवट टरफलाचं असतं. हे फळ समुद्रावर महिनोन्महिने तरंगत राहूनही आतलं बी जिवंत राहतं, तेव्हा ते एका रात्रीत पाणी पिईल ही अपेक्षाच नको. निमुळतं टोक सोडून बाकीच्या कडा सँडपेपरवर हलक्या घासा, कारण मूळ त्या टोकातून निघतं. मग चोवीस तास कोमट पाण्यात भिजवा. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, उबदार जागी ठेवा. मोड आला की कागदी कपात पाऊण इंच खोल लावा आणि दोन खरी पानं आली की कपासकट जमिनीत किंवा ड्रममध्ये, मुळं न हलवता. कपातली माती चिखल असेल तर बी कुजतं, ओलसर पुरे. उगवल्यावर पहिले दोन आठवडे तांबडे भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात, सकाळी ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचा किंवा रोपावर मच्छरदाणीचा तुकडा टाका.

काढणीची खूण

भोपळ्याचा देठ हिरवा असेपर्यंत हात लावू नका. देठ तपकिरी होऊन सुकला, त्याच्या जवळचा तणावा वाळला, सालीचा हिरवा रंग फिकट पडला, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला, म्हणजे तो तयार. कडक झालेल्या सालीवर टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. शंका असेल तर वेलीवरच राहू द्या. वेल पूर्ण वाळली तरी भोपळा तिच्यावर टांगलेला राहिला तर बिघडत नाही, फक्त अवकाळी पावसात झाका. काढताना देठाची दोन-अडीच इंच दांडी ठेवून कात्रीने कापा. देठ उपटून निघाला तर तिथे उघडी जखम राहते आणि कूज तिथूनच शिरते.

वाळवताना

माती पुसून, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ओल्या फडक्याने भोपळा पुसा आणि कोरडा करा. सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगा किंवा जाळीवर ठेवा. एकमेकांना टेकू देऊ नका, आणि जाळीवर असतील तर दर आठवड्याला बाजू बदला. पहिल्या महिन्यात कडक ऊन नको, साल तडकते.

थोड्याच दिवसांत सालीवर काळे, हिरवट, पांढरे बुरशीचे डाग येतील. इथे घाबरून चांगले भोपळे फेकून दिले जातात, म्हणून स्पष्ट सांगतो: बुरशी येणं हे कुजणं नव्हे. आतलं पाणी सालीतून बाहेर पडतंय, वरचा पापुद्रा त्यात भिजतोय, त्यावर बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसा आणि ठेवून द्या. फेकायचा तो भोपळा वेगळा. अंगठ्याने दाबल्यावर जो आत जातो, ज्यातून पाणी पाझरतं, ज्याला सडका वास येतो, तो लगेच बाहेर काढा, शेजारच्यांना बाधा होण्याआधी.

लवकर वाळावा म्हणून भोक पाडू नका, आणि हिरवी साल खरवडूही नका. काहीजण दोन्ही करतात आणि पूर्ण पिकलेल्या भोपळ्यात ते खपूनही जातं, पण घरच्या भोपळ्याच्या पिकण्याची तेवढी खात्री नसते, आणि भोकातून बुरशी गरापर्यंत पोचते. रंग, व्हार्निश, तेल यांपैकी काहीही वाळण्याआधी लावू नका. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि भोपळा आतून नासतो.

वाळला हे कसं ओळखायचं? हलवल्यावर बिया खुळखुळतात हे खरं, पण नेहमीच नाही. कधी गर वाळून बियांसकट आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि चांगला वाळलेला तुंबाही मुका राहतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. काढल्यादिवशी वजन करून सालीवरच पेन्सिलीने लिहा, दर महिन्याला पुन्हा लिहा. सलग दोन महिने आकडा हलला नाही की वाळला.

मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि भांड्यांच्या तारेच्या घासणीने वरचा पापुद्रा घासून काढा. खालून गुळगुळीत, मातकट पिवळी साल निघते, बुरशीच्या डागांच्या नक्षीसकट. ती नक्षी मला तरी कुठल्याही रंगापेक्षा जास्त आवडते. कापायचा असेल तर मास्क लावूनच आणि उघड्यावर कापा. आतल्या वाळलेल्या गराची धूळ छातीला फार वाईट. खरवडताना आत पाणी ओतून ओलं करून घेतलंत तर धूळ उडतच नाही.

पुढच्या वर्षी आकार बदलला तर

कमंडलूच्या आकाराच्या भोपळ्याचं बी लावलं आणि लांबोडका दुधी आला, ही तक्रारही दरवर्षी येते. तुंबा आणि दुधी एकाच जातीचे असल्याने शेजारच्या दुधीचा पराग तुमच्या वेलीवर सहज येतो. लाल भोपळ्याचा मात्र लागत नाही. त्या वर्षी फळाच्या आकारात काही फरक दिसत नाही, फरक बियांत जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. असं मिसळलेलं फळ कडूही निघू शकतं. शोभेच्या वेलीचा कोवळा भोपळा भाजीला घेऊ नका. आणि घरच्या बियांच्या दुधीचीही आधी कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. हा कडवटपणा शिजवून जात नाही, त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

बी शुद्ध ठेवायचं असेल तर आज उमलणारी एक मादी कळी आणि त्याच प्रकारच्या वेलीवरच्या दोन नर कळ्या दुपारी चारलाच दोऱ्याने टोकाशी बांधून ठेवा, म्हणजे त्या उघडणार नाहीत आणि पतंगही शिरणार नाही. संध्याकाळी सोडून पराग लावा, मादी पुन्हा बांधा, आणि त्या देठाला रंगीत सुतळीची खूण करा. बी घ्यायचं ते त्याच भोपळ्यातलं, तो पूर्ण वाळल्यावर.